पदवीनंतरचं वर्ष कुणाचं?

निकाल लागून तीन महिने झाले होते. कॉलेजच्या वाचनालयाच्या दारात आमची एक माजी विद्यार्थिनी उभी होती आणि रखवालदार तिला आत सोडत नव्हता. त्याचं काही चुकत नव्हतं. तिचं ओळखपत्र निकालाबरोबरच बाद झालं होतं. यंत्राला लावलं की लाल दिवा लागत होता. तीन वर्षं ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. मी म्हणाले, "कुठलं पुस्तक हवंय? माझ्या नावावर काढून देते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुस्तक नकोय, मॅडम. रोज सकाळी दहा वाजता कुठेतरी पोहोचायचंय."

मी वीसहून जास्त वर्षं शिकवते आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, पुढच्या शिक्षणाच्या वाटा कोणत्या, हे सगळं दरवर्षी सांगत आले. दहा वाजता पोहोचायला जागा नसणं हीसुद्धा अडचण असते, तिचा कुणीतरी आधी विचार करायला हवा होता, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. त्यानंतर मी भेटायला येणाऱ्या, फोन करणाऱ्या मुलांना वेगळा प्रश्न विचारायला लागले. नोकरी लागली का, हे नंतर. आधी, दिवस कसा जातो?

जे ऐकत गेले त्यातून माझं मत पक्कं होत गेलं. कॉलेज संपल्यानंतरचं पहिलं वर्ष कुणाच्याच जबाबदारीत बसत नाही. संस्थेच्या दप्तरात विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेलेला असतो. नोकरी देणाऱ्याच्या लेखी तो अजून आलेलाच नसतो, आणि आला असेल तर पहिल्या दिवसापासून तयार असायला हवा असतो. घरच्यांना वाटतं, शिक्षण झालं, आता मार्गी लागेल. या तिघांच्या मधल्या फटीत त्या मुलाचं किंवा मुलीचं जे काही होतं, त्याला आपण स्वभाव म्हणून मोकळे होतो. आळशी झाला. चिडचिडी झाली. कुणात मिसळत नाही. जबाबदारीची जाणीव नाही.

हा स्वभाव नाही, ही व्यवस्थेतली फट आहे, आणि ती बुजवण्याची पहिली जबाबदारी कॉलेजची आहे, असं मला म्हणायचं आहे. जी संस्था माणसाच्या आयुष्याभोवती तीन-चार वर्षं भक्कम चौकट उभी करते, तिने ती एका दिवसात काढून घेऊ नये. पदवीनंतर किमान एक वर्ष तिने आपल्या विद्यार्थ्याला आपलं मानलं पाहिजे.

ही चौकट म्हणजे काय, ते समजायला मला एका वेगळ्याच जागेची मदत झाली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीकामगारांची वस्ती होती. जवळपास सगळी कुटुंबं एकाच कापडगिरणीवर जगायची. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तिथल्या रोजच्या जगण्याच्या बारीक नोंदी केल्या आणि १९३३ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. पैशाची ओढाताण तर होतीच. पण त्या पुस्तकात मनाला चटका लावते ती वेळेची गोष्ट. लोकांकडे अख्खा दिवस मोकळा होता आणि तरी ते पूर्वीपेक्षा कमी वाचत होते. वाचनालयाने शुल्क घेणं बंद केलं, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्याने जाणारे पुरुष पुन्हा पुन्हा थांबायचे, त्यांची चाल मंदावली होती. अनेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. दिवसभर काय केलं, असं विचारलं तर दोन-तीन गोष्टींपलीकडे त्यांना काही आठवेना.

याहोडाने पुढे यावरून मांडलं की कामातून पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी मिळतात आणि त्या आपल्या लक्षातही येत नाहीत. दिवसाला आकार येतो. घराबाहेरची माणसं भेटतात. आपण कुठल्यातरी मोठ्या कामाचा भाग आहोत असं वाटतं. आपण कोण, या प्रश्नाला समाजात चालणारं उत्तर मिळतं. आणि हातपाय, डोकं नियमित चालू राहतं.

ही यादी पुन्हा वाचा आणि कॉलेजच्या दिवसांवर ठेवून बघा. तास, हजेरी, सत्र, परीक्षा यांनी दिवसच काय, वर्षाला आकार येतो. वर्गात, वसतिगृहात, मैदानावर, कुठल्याशा कार्यक्रमाच्या तयारीत माणसं भेटत राहतात. ‘काय करतोस?’ याला ‘शिकतोय’ हे एका शब्दाचं, पूर्ण आणि सन्मानाचं उत्तर असतं. या पाचही गोष्टी कॉलेज देतं. अभ्यासक्रमात त्या लिहिलेल्या नसतात, म्हणून काढून घेताना आपण काढून घेतोय हे कुणाला कळत नाही.

मारिएन्थालच्या कामगारांपेक्षा पदवीधराची स्थिती एका अर्थाने जास्त गोंधळाची असते. त्यांचं काहीतरी गेलं आहे, हे त्यांना आणि सगळ्या वस्तीला माहीत होतं. पदवीधराचं मात्र अभिनंदन होतं. ज्या आठवड्यात त्याचं वेळापत्रक, मित्रमंडळ, ओळख आणि बरेचदा राहती जागाही सुटते, त्याच आठवड्यात सगळे त्याला आनंदी राहायला सांगत असतात. काही गमावल्याचं दुःख वाटलं तर ते व्यक्त करायला जागाच नाही. एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, मला पास होऊन वाईट वाटतंय, हे कुणाला सांगणार?" तो वर्गात पहिला आला होता.

मैत्रीच्या बाबतीत तर आपण या मुलांवर सरळ अन्याय करतो. ‘नव्या जागी गेलास, नवे मित्र कर’ हे किती सहज म्हटलं जातं! मैत्री कशी होते याचा एक जुना आणि साधा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती आणि कुणाला कुठलं घर मिळेल हे स्वतःच्या निवडीवर नव्हतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांचं एकमेकांशी जवळचं नातं जमलं होतं. एक दार मध्ये आलं की हा आकडा २२ टक्क्यांवर आला. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये तो १० टक्के होता. स्वभाव, आवडीनिवडी यांना किंमत आहेच, पण मैत्रीचं पहिलं बी रुजतं ते पुन्हा पुन्हा, न ठरवता समोरासमोर येण्यातून. कॉलेज म्हणजे शेजारशेजारची दारंच असतात. आपण समजतो, आपल्याला माणसं जोडता येतात. खरं तर जागाच आपल्यासाठी ती जोडत असते.

याला वेळेची जोड द्या. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तोंडओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतकं जमायला सुमारे ९० तास आणि जवळच्या मैत्रीसाठी २०० हून जास्त. आता हिशेब मांडू. कॉलेजात दिवसाला चार तास, आठवड्याचे पाच दिवस एकत्र गेले तर २०० तास दहा आठवड्यांत पुरे होतात. पहिलं सत्र संपायच्या आत जिवाभावाची माणसं मिळालेली असतात. नोकरी करणाऱ्या, नव्या गावात एकट्याने राहणाऱ्या माणसाला कुणाबरोबर आठवड्याला दोन तास निवांत मिळाले तर तेवढ्यासाठी जवळपास दोन वर्षं लागतील. सहकाऱ्यांबरोबरचे कामाचे तास यात फारसे धरता येत नाहीत. नुसतं शेजारी बसून काम केल्याने जवळीक वाढतेच असं नाही, असं त्याच अभ्यासात दिसलं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांत नव्या ठिकाणी मैत्रीण मिळाली नाही, तर तिच्यात काहीच कमी नाही. तिला तास मिळालेले नाहीत.

हे गणित मी आता शेवटच्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर मांडते. मुलं हसत नाहीत, वहीत उतरवून घेतात.

जुन्या मैत्रीचंही असंच. ग्रुपवर रोज संदेश येतात, वाढदिवस लक्षात राहतात, पण एकाची रात्रपाळी, दुसरा पुढे शिकायला गेलेला, तिसरा अजून काहीच न जमल्यामुळे ग्रुपवर गप्प. तो गप्प बसणारा तिसरा हाच माझ्या काळजीचा विषय आहे. त्याला इतरांच्या बातम्या दिसतात, स्वतःची सांगायला नसते. हळूहळू तो फोन उचलायचा बंद होतो आणि मित्रांना वाटतं, त्याला आता आपली गरज उरली नाही.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. कॉलेजात दर काही महिन्यांनी कुणीतरी आकड्यात सांगतं की तुझं कसं चाललंय. ते आकडे अपुरे असतात, कधी अन्यायाचेही असतात. पण ते येतात. नोकरीत कित्येक ठिकाणी वर्षभर कुणी काही बोलत नाही. ‘साहेब काही म्हणत नाहीत, म्हणजे चांगलं समजायचं की वाईट?’ हा प्रश्न मला नोकरीला लागून चार महिने झालेल्या मुलांनी इतक्या वेळा विचारला आहे की आता तो येणार हे मी गृहीत धरते. सोळा-सतरा वर्षं गुणांवर वाढवलेल्या माणसाला अचानक शांततेत सोडलं की त्या शांततेचा अर्थ तो स्वतःच्या विरुद्धच लावणार.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे नोकरी न मिळालेल्यांचे प्रश्न आहेत, नोकरी लागली की मिटतात. वर सांगितलेली निम्मी मुलं नोकरीत होती. दुसरं म्हणजे, नोकरी कधी आणि कशी लागते यात कर्तृत्वाइतकाच हात कॅलेंडरचा असतो. लिसा कान या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या गोऱ्या पुरुषांच्या कमाईचा माग काढला. त्यांचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीच्या वर्षी बेरोजगारीचा दर एका टक्क्याने जास्त असेल तर सुरुवातीची कमाई ६ ते ७ टक्क्यांनी कमी होती, आणि १५ वर्षांनंतरही सुमारे अडीच टक्क्यांची तूट शिल्लक होती. कॅनडातल्या पदवीधरांवरचा फिलिप ओरिओपूलस, टिल फॉन वाख्टर आणि अँड्र्यू हाइझ यांचा २०१२ मधला अभ्यास थोडा दिलासा देतो. मंदीत बाहेर पडलेल्यांना सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांचा फटका बसतो, पाच वर्षांत तो अर्ध्यावर येतो आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघतो. तो भरून निघतो तो मुख्यतः हळूहळू चांगल्या ठिकाणी नोकरी बदलत गेल्यामुळे, आणि ज्यांची सुरुवातच कमकुवत असते त्यांना हे जमायला सगळ्यांत जड जातं.

दोन भावंडांमध्ये दोन वर्षांचं अंतर असतं. एक चांगल्या वर्षी बाहेर पडतो, दुसरी वाईट वर्षी. घरात मात्र आयुष्यभर एकाला हुशार आणि दुसरीला धडपडी म्हटलं जातं. आकडे माहीत असलेल्या माणसांनी तरी हे बोलायचं थांबवलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो माझ्याच सहकाऱ्यांकडून आला. ही आता मोठी माणसं आहेत. मत देतात, संसार थाटू शकतात. त्यांचा हात धरून आणखी वर्षभर चालवायचं, म्हणजे त्यांना कायमचं लहान ठेवायचं. आमचा हात कुणी धरला होता? एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला हे फार कळकळीने विचारलं आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

त्यातलं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कॉलेज सुटल्यावरच फुलणारी मुलं असतात. वर्गात अवघडून बसणारा एखादा मुलगा कामावर जायला लागला आणि सहा महिन्यांत ताठ मानेने बोलायला लागला, हे मी पाहिलं आहे. वेळापत्रक नसलेले काही महिने ही काहींच्या आयुष्यातली पहिली मोकळीक असते, तिच्यात आपण नाक खुपसू नये. म्हणून मी हजेरी मागत नाहीये. दार उघडं ठेवायला सांगते आहे. ज्याला यायचं नाही त्याने येऊ नये.

पण ‘आमचा हात कुणी धरला होता’ हे मात्र तपासून बघायला हवं. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये जगभरच्या संक्रमणविधींची तुलना केली. मूल मोठं होताना, माणूस एका अवस्थेतून दुसरीत जाताना समाज जे विधी करतात त्यांत त्याला तीन टप्पे दिसले: जुन्यापासून तुटणं, मधली अधांतरी अवस्था आणि नव्यात सामावून घेणं. मला यातला मधला टप्पा महत्त्वाचा वाटतो. तो अवघड असतो हे त्या समाजांना ठाऊक होतं, म्हणून त्यात बहुतेक वेळा माणसाबरोबर कुणीतरी जाणतं असायचं आणि तो कधी संपणार हेही ठरलेलं असायचं. आपल्याकडे पदवीदान समारंभ आहे. झगे, टोप्या, छायाचित्रं, भाषणं. तुटण्याचा विधी आपण थाटात करतो. सामावून घेण्याचा विधी कुठे आहे? मधल्या काळात सोबत कोण आहे? मोठं होण्यासाठी एकटं पडलंच पाहिजे, असं माणसांच्या इतिहासात सगळीकडे ठरलेलं नव्हतं.

शिवाय हात कुणाचा धरला गेला आणि कुणाचा नाही, हे कधीच समान नव्हतं. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या, वरच्या दर्जाची कामं करणाऱ्या पुरुषांना विचारलं की ही नोकरी कशी कळली. ज्यांना ती ओळखीतून कळली होती, त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. ५६ टक्के अधूनमधून भेटत, २८ टक्के क्वचितच. म्हणजे संधीची बातमी जिवलगांपेक्षा दूरच्या, सैल ओळखींतून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. १९७३ मधला त्याचा लेख समाजशास्त्रात अजूनही आधाराला घेतला जातो.

आता ज्या घरात आधीच्या पिढीतले लोक कार्यालयांत, दवाखान्यांत, न्यायालयांत, विद्यापीठांत काम करत आले, त्या घरातल्या मुलीकडे अशा सैल ओळखी जन्मापासून असतात. वडिलांचे जुने सहकारी, आईची वर्गमैत्रीण, मावशीच्या शेजारचे कुणी. कॉलेज सुटलं तरी हे जाळं तसंच राहतं. ज्या घरातलं पदवी घेणारं हे पहिलंच मूल आहे, त्याच्या सैल ओळखी म्हणजे कॉलेज. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले सहायक, वरच्या वर्गातली मुलं, एखाद्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे, शिक्षक. त्याचं ओळखपत्र बाद झालं की हे जाळंच त्याच्या हातातून सुटतं. म्हणून ‘सगळ्यांसाठी नियम सारखा’ असं म्हणून ज्या दिवशी आपण दार बंद करतो, त्या दिवशी आपण सगळ्यांचं सारखं नुकसान करत नाही. ज्याला दुसरं दारच नाही, त्याचं सगळ्यांत जास्त करतो. घरात पहिल्यांदा पदवी आणणाऱ्याला तर आपल्या अडचणीचं नावही घरी सांगता येत नाही. त्याच्या पदवीसाठी घराने पोटाला चिमटा घेतलेला असतो. आता ‘मला जमत नाहीये’ हे वाक्य तो कुठल्या तोंडाने उच्चारणार?

मनाच्या आजारांविषयीही बोलायला हवं. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार आयुष्यात कधीतरी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. पदवी साधारण याच वयात मिळते. आणि बऱ्याच संस्थांमध्ये समुपदेशकाची सेवा निकालाबरोबरच थांबते. तिसऱ्या वर्षात कसंबसं बोलायला लागलेल्या मुलाला आपण सांगतो की आता तुझी वेळ संपली. हा नियम ज्या कुणी केला असेल त्याने तो क्रूरपणे केला नसणार. पण त्याचा परिणाम क्रूर आहे आणि एका सहीने तो बदलता येईल.

मग करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. ओळखपत्राची मुदत निकालानंतर एक वर्ष. वाचनालय, समुपदेशक आणि नोकरीविषयी सल्ला देणारा विभाग तेवढा काळ खुला. शेवटच्या सत्रात आठ-दहा विद्यार्थ्यांचा एक गट आणि त्यांच्यासोबत एक शिक्षक. हा गट पदवीनंतर वर्षभर महिन्यातून एकदा भेटेल, प्रत्यक्ष किंवा फोनवर. त्यात कुणी भाषण करायचं नाही. दिवस कसा जातो, एवढं विचारायचं. जो दोन महिने आला नाही त्याला शिक्षकाने आपणहून एक फोन करायचा. या कामाचे तास शिक्षकाच्या कामात धरले गेले पाहिजेत. नाहीतर ते सात-आठ भल्या माणसांच्या गळ्यात पडतं आणि तीन वर्षांत बंद होतं. हे मी अनुभवाने सांगते.

मोजमापही बदलायला हवं. कॉलेजं आपल्या जाहिरातीत शिक्षण संपायच्या आत किती जणांना नोकरी लागली हे सांगतात. तो आकडा फार लवकरचा आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी पदवीधरांची पाहणी व्हायची. आता ती १५ महिन्यांनी होते आणि तिच्यात नोकरी, पगार यांच्यासोबत हेही विचारलं जातं की तुम्ही करता ते काम तुम्हाला अर्थपूर्ण वाटतं का, शिकलेलं वापरता का, आयुष्याविषयी समाधानी आहात का. माझी मागणी एवढीच की प्रत्येक संस्थेने असे आकडे गोळा करावेत आणि प्रवेशपुस्तिकेत छापावेत. जे मोजलं जातं त्याची काळजी घेतली जाते. सरकारांनाही मुदत घालून घेता येते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये हमी स्वीकारली की शिक्षण संपलेल्या किंवा काम सुटलेल्या तरुणाला चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढचं शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ केलं जाईल. सगळीकडे ती सारखी पाळली गेली नाही. तरी चार महिने हा आकडा कागदावर आला म्हणजे पाचव्या महिन्यात कुणालातरी जाब विचारता येतो. आपल्या फटीतल्या मुलाने जाब विचारावा असं कुणीच नसतं, सगळे त्यालाच विचारतात.

घरच्यांना माझी एकच विनंती आहे. ‘पुढे काय?’ हा प्रश्न रोज विचारू नका. महिन्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी शांतपणे बसून सगळं बोला, आणि बाकीचे एकोणतीस दिवस त्या मुलाला घरातलं माणूस म्हणून राहू द्या. ज्या घरांनी हे केलं तिथली मुलं स्वतःहून बोलायला लागली, असं मला दोन-तीन आयांनी कळवलं.

कॉलेज सोडलेल्यांना उपदेश करायची मला इच्छा नाही, त्यांना तो पुरेसा मिळतो. एक-दोन गोष्टी सांगते त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला शिकवलेल्या आहेत. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचं, मग काम असो वा नसो. आठवड्यातून एकदा अशा जागी जायचं जिथे तीच माणसं पुन्हा दिसतील. मैदान, वाचनगट, गाण्याचा वर्ग, एखाद्या सेवाकार्याची तुकडी, काहीही चालेल. जुन्या ओळखीच्या माणसाला काही मागायचं नसतानाही फोन करायचा. आणि पहिली नोकरी आवडली नाही तर स्वतःला अपयशी समजण्याआधी, पहिल्या वर्षी कुठल्या विषयात नापास होता होता वाचलो होतो ते आठवायचं.

वाचनालयाच्या दारातल्या त्या मुलीला मी आमच्या विभागातली एक खोली दाखवली. सकाळी ती रिकामी असते. दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना ती आली, अर्ज लिहीत बसली, दुपारी गेली. पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत तिच्याच वर्गातला एक मुलगा होता. महिन्याभरात पाच जण झाले, मग मी शेजारच्या वर्गातून दोन खुर्च्या आणून ठेवल्या. ती मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि अजूनही कधीकधी सकाळी दहा वाजता तिचा संदेश येतो: पोहोचले.

ओळखपत्राची मुदत वर्षभर वाढवावी, असा लेखी अर्ज मी तेव्हाच कार्यालयात दिला होता. ‘नियमात तरतूद नाही’ असा शेरा होऊन तो परत आला. या सत्रात मी पुन्हा अर्ज दिला आहे, नियमात तरतूद करावी म्हणून. त्यावर यावेळी माझ्याबरोबर अकरा शिक्षकांच्या आणि ग्रंथपालांच्या सह्या आहेत.